ग्नूकॅशमध्ये एक हंगाम काढला: शेती असलेल्या घराला ह्याचा बजेट रिपोर्ट जमतो का?

आधीच सांगतो, ग्नूकॅश म्हणजे घरचा हिशोब ठेवायचं कॉम्प्युटरवरचं फुकट सॉफ्टवेअर, त्याचा बजेट रिपोर्ट आहे तसा उघडला तर आपल्याकडच्या घराला काही कामाचा नाही, चार-पाच सेटिंग बदलल्या की मग मात्र लई कामाचा आहे, चार्टचं थोडं वेगळं आहे ते खाली लिहितो. मागच्या खरिपाच्या तोंडावर चालू केलं होतं, आता तूर पण विकून झाली, म्हणजे एक अख्खा हंगाम ह्याच्यात बसलाय, म्हणून लिहायलोय.

मी लातूरला नोकरीला, अण्णा आणि धाकटा भाऊ औश्याकडं गावी, शेत एकत्र आणि हिशोब पण एकत्र. पगार महिन्याच्या महिन्याला येतो पण सोयाबीनचे पैसे येणार दिवाळीच्या आगंमागं, तुरीचे त्याच्यानंतर, आणि बियाणं, खत, फवारणी, पोरांच्या शाळेची फी हे सगळं जून-जुलैत एकदमच अंगावर येतं, क्लासच्या फीचं तर लातूरात राहून बोलायलाच नको. आता ह्या घराला महिन्यावारी बजेट लावलं की जूनमध्ये रिपोर्ट लालेलाल, बघणाऱ्याला वाटावं जमीन विकायला काढली, आणि नोव्हेंबरात असा हिरवागार की लगेच गाडी बुक करावी. दोन्ही खोटं.

पहिली गोष्ट म्हणजे बजेट ऑप्शनमध्ये सुरुवातीची तारीख. सगळे 1 एप्रिल ठेवतात कारण आर्थिक वर्ष तसं आहे, टॅक्सला ते बरोबर, पण शेतीचं वर्ष जूनला चालू होतं. बजेटची तारीख तुम्ही वेगळी ठेवू शकता, खात्यांना (खातं म्हणजे इथं नुसतं बँकेचंच नाही, खत, बियाणं, पगार अशा प्रत्येक बाबीचं) काही फरक पडत नाही, एकाच फाईलमध्ये दोन बजेट पण चालतात. मी 1 जूनपासून 12 पिरियड, म्हणजे बारा महिने, घेतले आणि पेरणी ते पुढची पेरणी असं एक वर्ष धरलं.

दुसरं, एस्टिमेट बटण. हे मागच्या वर्षीच्या नोंदी बघून बजेटचे आकडे स्वतः भरतं, फक्त त्यात ॲव्हरेजची टिक असते ती चुकूनही लावू नका. टिक लावली की खताचा वर्षाचा खर्च बाराही महिन्यात सारखा वाटून टाकतं, आता फेब्रुवारीत कोण डीएपी टाकतंय? टिक काढून सुरुवातीची तारीख मागच्या जूनची दिली की जूनचं जूनला, ऑक्टोबरचं ऑक्टोबरला बसतं. त्यासाठी आधीच्या वर्षाच्या नोंदी लागतात, मी जुन्या वहीवरून मोठ्या मोठ्या घेतल्या, बँकेचं स्टेटमेंट सीएसव्ही फाईलमधून आत घेतलं, ते इम्पोर्ट हळूहळू शिकत जातं की कुठलं नाव कुठल्या खात्याचं, ते खरंच भारी आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते अण्णांमुळं लक्षात आलं. बजेट, ॲक्चुअल आणि डिफरन्स असे तीन कॉलम गुणिले बारा महिने एवढा आडवा तक्ता मी त्यांच्यापुढं ठेवला, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणले, "आरं, बारा महिन्याचं कशाला दाखवायलास, आजपोतर किती गेलं अन् किती ऱ्हायलंय तेवढं सांग." तेच रिपोर्टच्या ऑप्शनमध्ये आहे बगा, अक्युम्युलेटेड अमाउंट नावाची टिक, ती लावली की प्रत्येक महिन्यात सुरुवातीपासूनची बेरीज दिसते. सोबत पिरियडची रेंज लावून फक्त चालू महिनाच दाखवायचा. झालं, तीन कॉलमचा तक्ता, एका पानावर. ऑगस्टात फवारणी बजेटच्या वर गेली होती पण निंदणीची मजुरी खाली होती, दोन्ही मिळून शेतखर्च जागेवरच होता, हे महिन्याच्या रिपोर्टात कधीच कळलं नसतं. ही सेटिंग एकदा केली की सेव्ह रिपोर्ट कॉन्फिगरेशन करून ठेवा नाहीतर दरवेळी सगळं परत लावत बसावं लागतं.

हिशोबाचं म्हणाल तर दुहेरी नोंद आहे, म्हणजे पैसा कुठून आला आणि कुठं गेला दोन्ही बाजू लिहायच्या, सुरुवातीला डोकं फिरतं, पण बाजारातली पट्टी (माल विकल्याची पावती) ह्याच्याशिवाय नीट लिहिताच येत नाही असं माझं मत झालंय. समजा 20 क्विंटल सोयाबीन 4,150 नं गेलं, 83,000 झाले. हमाली तोलाई 900 कापली, आधी घेतलेली उचल 30,000 वळती केली, हातात आले 52,100. साध्या खर्चाच्या ॲपमध्ये लोक 52,100 उत्पन्न लिहितात आणि मग म्हणतात यंदा सोयाबीननं काही दिलं नाही. इथं एकाच नोंदीच्या चार ओळी होतात, उत्पन्न 83,000, खर्च 900, देणं 30,000 नं कमी, बँकेत 52,100. बजेट रिपोर्टात उत्पन्न खरं दिसतं. (2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 होता, बाजारात काय मिळालं ते सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून मी बजेटात भाव नेहमी हमीभावाच्या बराच खाली धरतो.) पीएम किसानचे वर्षाचे 6,000 तीन हप्त्यात येतात ते पण वेगळ्या खात्यात टाकतो, पिकाच्या उत्पन्नात मिसळत नाही.

आता चार्ट. बजेट चार्ट प्रत्येक खात्याचा वेगळा निघतो, दहा खाती निवडली की दहा चित्रं खाली खाली, स्क्रोल करत बसा. खतं, बियाणं, मजुरी तिन्ही एकाच चित्रात शेजारी शेजारी बघायची तर सोय नाही. मी मग शेतखर्च ह्या वरच्या एकाच खात्याचा चार्ट काढतो आणि प्रकार बारऐवजी लाईन, त्यात रनिंग सम, म्हणजे सुरुवातीपासूनची बेरीज, चालू. दोन रेघा वर चढत जातात, खर्चाची रेघ बजेटच्या रेघेच्या वर गेली की कळलं. हे भावाला पण एका नजरेत समजतं आणि तो असल्या गोष्टींपासून लांबच असतो. झेरॉक्सवर काळी-पांढरी प्रिंट मारली तर दोन्ही रंग सारखेच राखाडी दिसायलेत, म्हणून मी रेघांवर पेननं लिहून देतो. ज्याला सगळं एकत्र पाहिजे त्यानं रिपोर्टचा तक्ता एचटीएमएल करून लिब्रेऑफिस कॅल्क ह्या एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाकावा आणि तिथं पाहिजे तसा चार्ट काढावा, वर्षातनं दोनदा करायला काही त्रास नाही.

एक मात्र खरंच खटकतं, उरलेलं बजेट पुढच्या महिन्यात आपोआप सरकत नाही. अक्युम्युलेटेड रिपोर्ट बघितला तर ते डोळ्यांना दिसतं, पण बजेटच्या तक्त्यात आकडा तुम्हालाच हातानं बदलावा लागतो.

मराठीत पण येतं, मी इंग्रजीच ठेवलंय कारण अडलं की शोधायला सोपं जातं. फोनवर हे सगळं होत नाही, कॉम्प्युटर पाहिजेच. नुसता पगार असेल, शेती नाही, उचल-उधारी नाही, तर एवढा खटाटोप करू नका, साधी एक्सेल शीट बास होते. येत्या जूनच्या बजेटात मी मोसंबीच्या ठिबकचा खर्च वेगळ्या खात्यात टाकणार आहे, कारण तो एका हंगामाचा नाही आणि शेतखर्चाची रेघ उगाच वर न्यायला नको.