गोड वाईनच्या अर्ध्या बाटल्या: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दहा महिन्यांत मी गोड वाईनच्या चौदा बाटल्या उघडल्या. त्यांतल्या अकरा ३७५ मिलिलिटरच्या, म्हणजे नेहमीच्या बाटलीच्या निम्म्या होत्या. त्याआधीची अनेक वर्षे मी केवळ ड्राय वाईन पीत असे आणि गोड वाईन म्हणजे ज्यांना वाईनची चव झेपत नाही त्यांच्यासाठी काढलेली सोय, असा माझा पक्का ग्रह होता. तो ग्रह पहिल्या बाटलीने मोडला नाही, उलट पक्का केला, आणि त्यात दोष बाटलीचा नव्हता.

ती बाटली फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील सोतर्नची होती. ती मी फ्रिजमध्ये ठेवलीच नव्हती. रेड वाईनच्या मोठ्या ग्लासात ती ओतली आणि सोबत चॉकलेटचा गच्च गोड केक ठेवला. केकचा घास घेऊन वर घोट घेतला, तर वाईन पाणचट, आंबट आणि किंचित कडवट लागली. केक बाजूला सारून नुसती पिऊन पाहिली, तर कोमट आणि गोडमिट्ट. आपल्याला हे जमणारे नाही असे म्हणून बूच लावले आणि बाटली फ्रिजच्या दारात ठेवून विसरून गेलो.

चौथ्या रात्री जेवण होऊन तासभर झाल्यावर, टाकून देण्याआधी एकदा पाहावे म्हणून एका लहान ग्लासात दोन बोटे वाईन ओतली. रंग घासलेल्या पितळेसारखा होता आणि ग्लास फिरवला की वाईन काचेवरून सावकाश खाली उतरत होती. वासात मध, सुकवलेले जर्दाळू आणि संत्र्याची साल होती. घोट घेतल्यावर आधी गोडी तोंडभर पसरली. आता ती टाळ्याला चिकटून बसणार, असे वाटत असतानाच जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटले, आणि घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ झाले. चव मात्र गेली नाही. मी मुद्दाम घड्याळ लावून पाहिले, तेव्हा मिनिटभरानंतरही संत्र्याच्या सालीची किंचित कडसर चव जिभेवर होतीच. साखर तेवढीच होती, वाईन तीच होती. बदलले होते ते तापमान, ग्लास आणि सोबतचा पदार्थ.

सोतर्नमध्ये लिटरमागे साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर असते आणि कोलासारख्या शीतपेयात सुमारे १०६ ग्रॅम, म्हणजे दोन्ही एकाच पंगतीतली. गार, फसफसता कोला आपण सहज पितो, पण तोच कोमट आणि फसफस गेलेला असेल तर दुसरा घोट नकोसा होतो. साखर एका ग्रॅमनेही वाढलेली नसते, केवळ तिला आवर घालणारे काही उरलेले नसते. वाईनमध्ये हा आवर द्राक्षातल्या आंबटपणाचा असतो, आणि गोड वाईनची पारख करायची तर गोडी किती आहे यापेक्षा आंबटपणा पुरेसा आहे का, हे पाहावे लागते, हे मला त्या चौथ्या रात्री पहिल्यांदा कळले. तेव्हापासून प्रत्येक बाटलीचा दुसरा घोट मी केवळ त्यासाठी घेतो.

हा आंबटपणा टिकतो कसा, याची हकिगत विलक्षण आहे. सोतर्नच्या द्राक्षांवर बोट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी धरते. सिरों ही लहान, थंड पाण्याची नदी गारोन या मोठ्या आणि तुलनेने उबदार नदीला मिळते, तेथे शरद ऋतूत पहाटे धुके दाटते. त्या ओलाव्यात बुरशी वाढते आणि दुपारच्या उन्हात तिची वाढ आटोक्यात राहते. बुरशी मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते, आणि उरलेल्या रसात साखर व आम्ल दोन्ही दाट होतात. मात्र दुपारचे ऊन पडले नाही आणि पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी सगळा घड कुजवून टाकते. सगळे मणी एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून तोडणी करणारे कित्येक आठवडे त्याच वेलींवरून पुन्हा पुन्हा फिरतात आणि तेवढेच तयार मणी खुडून आणतात. बोर्दोच्या वाईनची १८५५ मध्ये दर्जानुसार वर्गवारी झाली, तीत या प्रदेशात सर्वांच्या वर एकटे ठेवलेले शातो दिकेम हे वाईन-उत्पादक घराणे एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाईन काढते असे म्हणतात, आणि २०१२ च्या हंगामात तर त्यांनी आपल्या नावाची गोड वाईन काढलीच नाही. हे वाचल्यानंतर अर्ध्या बाटलीच्या किमतीबद्दलची माझी कुरकुर थांबली नाही, पण तिचा सूर उतरला.

या बुरशीच्या वाईनमध्ये सोटोलोन नावाचे एक संयुग असते. मेथीच्या दाण्यांचा वास मुख्यतः त्याचाच, आणि अगदी अल्प प्रमाणात असले की त्याचा वास करपू लागलेल्या साखरेसारखा येतो. मला तिसऱ्या बाटलीत हा वास स्पष्ट आला, आणि वाईन बिघडली की काय अशी शंकाही आली. आता तो नसला तर चुकल्यासारखे वाटते.

हंगेरीची टोकाय असू ही मला सोतर्नपेक्षाही अधिक भावली, तरी ती मी सगळ्यांना सुचवणार नाही. ती मुख्यतः ज्यापासून होते त्या फुर्मिंत या द्राक्षाचा आंबटपणा मुळातच धारदार असतो, आणि पहिल्या घोटाला तो काहींना बोचतो. टोकाय प्रदेशाच्या सीमा १७३७ मध्ये राजाज्ञेने ठरवण्यात आल्या. बुरशी धरून सुरकुतलेले मणी वेगळे वेचायचे आणि रसात किंवा वाईनमध्ये भिजवायचे, ही तेथील पद्धत. १३६ लिटरच्या पिंपाला अशा मण्यांच्या किती पाट्या घातल्या, यावरून बाटलीवर पाच किंवा सहा ‘पुत्तोन्योश’ असा आकडा पडत असे. पाटी सुमारे २५ किलोची. आज हिशेब पाट्यांऐवजी साखरेवर होतो: पाचसाठी लिटरला किमान १२० ग्रॅम, सहासाठी किमान १५०. मी दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या आणि सहाची बाटली कमी गोड वाटली, कारण तिच्यात आंबटपणाही तेवढाच चढा होता. आकड्यावरून गोडी ताडण्याची माझी सवय त्या दिवसापासून सुटली.

आइसवाइनबद्दल माझा अनुभव निराळा आहे. द्राक्षे वेलीवरच गोठेपर्यंत ठेवतात, कॅनडात उणे ८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी, जर्मनीत उणे ७. मग ती गोठलेलीच दाबतात, म्हणजे पाणी बर्फ होऊन मागे राहते आणि दाट रस तेवढा निघतो. पहिला ग्लास अप्रतिम होता: पीच, लिची, आणि त्याखाली लखलखीत आंबटपणा. पण बाटली संपेपर्यंत तेच राहिले. बुरशीच्या वाईनमध्ये रोज काहीतरी नवे सापडत होते, ते येथे घडले नाही. हे माझ्या आवडीचे म्हणणे आहे. ज्यांना बुरशीचा तो विचित्र वास नको, त्यांनी येथूनच सुरुवात करावी.

पोर्टची तऱ्हा वेगळी. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यात रस आंबत असताना मध्येच ७७ टक्के अल्कोहोलचे द्राक्षाचे स्पिरिट ओततात, यीस्टचे काम तेथेच थांबते आणि न आंबलेली साखर तशीच राहते. त्यामुळे अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते, आणि हे विसरून मी पहिल्या संध्याकाळी नेहमीच्या मापाने ग्लास भरला, त्याचे स्मरण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिले. लाकडी पिंपात वर्षानुवर्षे राहिलेल्या तॉनी पोर्टला हवेची आधीच सवय झालेली असते, म्हणून ‘१० वर्षे’ असे लिहिलेली माझी बाटली उघडल्यानंतर फ्रिजमध्ये सहा आठवडे चांगली राहिली. व्हिंटेज पोर्टचे तसे नाही. ती आयुष्याचा मोठा काळ बाटलीत बंद राहते आणि उघडल्यावर दोन-तीन दिवसांत तिचा नूर उतरतो. सोतर्न माझ्याकडे आठ-नऊ दिवस टिकली, त्यापुढे फळाचा वास विरत गेला. एकट्याने पिणाऱ्याने अर्धी बाटलीच का घ्यावी, याचे उत्तर एवढेच आहे.

पेद्रो हिमेनेथ ही स्पेनची गोड शेरी मला पिता आली नाही. उन्हात वाळवून बेदाण्यासारख्या केलेल्या द्राक्षांची ही काळी, काकवीसारखी वाहणारी वाईन, लिटरला ४०० ग्रॅमपर्यंत साखर असू शकणारी, आणि तिला आवरायला आंबटपणा फारसा नाही. व्हॅनिला आइसक्रीमवर दोन चमचे ओतली तर मात्र तिच्यासारखे दुसरे काही नाही, आणि माझी बाटली तशीच संपली.

एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. मी घेतलेली सोतर्नची एक बाटली जेमतेम तीन वर्षांची असूनही तपकिरी झालेली होती, बूच तोंडापासून किंचित वर आले होते आणि वेष्टनाखाली चिकट ओघळ सुकलेला होता. ही उष्णतेत पडून राहिल्याची खूण. चवीला ती जळक्या साखरेच्या पाण्यासारखी निघाली. विक्रेत्याने गोड वाईनचा रंग असाच असतो असे सांगून बदलून देण्यास नकार दिला. जुनी झाल्यावर ती गडद होते हे खरे, म्हणूनच हे उत्तर खोडून काढणे अवघड गेले. आता मी रंगाच्या आधी बूच पाहतो.

लेबलांवरही माझा राग आहे. ‘लेट हार्वेस्ट’ हे शब्द द्राक्षे उशिरा तोडली एवढेच सांगतात, वाईन किती गोड आहे हे सांगत नाहीत, आणि साखरेचा आकडा बहुतेक बाटल्यांवर छापलेला नसतो. ज्यांना साखरेचा हिशेब ठेवावा लागतो त्यांच्यासाठी सांगतो, सोतर्नच्या ६० मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे आठ ग्रॅम साखर जाते. मी तेवढ्यावर थांबतो, कारण तिसऱ्या ग्लासाला जीभ थकते आणि चव कळेनाशी होते.

फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे थांबल्यास वाईन साधारण ८ ते १० अंशांवर येते आणि वास मोकळा होतो. सोबतचा पदार्थ वाईनपेक्षा कमी गोड हवा, हा पहिल्या रात्रीचा धडा. माझ्याकडे सर्वात चांगली जमली ती जोडी गोडाची नव्हतीच: रोकफोर या निळ्या बुरशीच्या खारट चीजचा लहानसा तुकडा आणि वर सोतर्नचा घोट. खारटपणाने गोडी उजळते आणि चीजचा तिखट उग्रपणा गोडीत बुडून जातो.

चौदा बाटल्यांपैकी दुसऱ्यांदा मागवल्या त्या तीनच. टोकाय असू, दहा वर्षांची तॉनी, आणि मोस्कातो द’आस्ती. या मोस्कातोबद्दल वर काही लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे थोडेच आहे: इटलीची, साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर अल्कोहोलची, हलकी फसफसणारी, ताजी असतानाच प्यायची. ती मी नेहमीच्या मोठ्या बाटलीत घेतली, आणि ती एकच बाटली अशी होती की पाहुण्यांनी ती त्याच संध्याकाळी संपवली.