मळतपासणी की दुर्बीण? आणि त्याआधी ताटात काय?

दादाच्या मळतपासणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे मळात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं. वहिनीला वाटलं, मूळव्याध असेल. काका म्हणाले, "दुसऱ्या लॅबमध्ये परत तपास, मग बघू." दादा ५४ वर्षांचा, पोटाची कसलीही तक्रार नाही, रोज पहाटे रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येणारा माणूस. शेवटी त्याने दुर्बीण करून घेतली, म्हणजे कोलोनोस्कोपी, गुदद्वारातून नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं. तीही दोनदा करावी लागली, कारण पहिल्या वेळी आतडं साफच नव्हतं. तेव्हापासून इंदूरातले नातेवाईक मला विचारतात, पन्नाशी आली, मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मळ तपासू की सरळ दुर्बीण करू?

हा प्रश्न आपल्यालाच सोडवायचा आहे. आपल्याकडच्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, मोठं आतडं नाही, त्यामुळे बोलावणं कुठूनच येत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये तक्रार नसलेल्यांसाठीही सुरुवातीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे मळतपासणी दरवर्षी करायची आणि दुर्बीण नॉर्मल आली तर दहा वर्षांनी.

आधी मळतपासणी. लॅबच्या यादीत "स्टूल ऑकल्ट ब्लड" (मळातलं लपलेलं रक्त) एवढंच लिहिलेलं असतं आणि त्या नावाखाली दोन वेगळ्या तपासण्या चालतात. जुनी ग्वायकची. ती हीमच्या, म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या भागाच्या, रासायनिक गुणावर चालते, म्हणून ताटातल्या गोष्टी तिला फसवतात. मटण, मुळा, सलगम खाल्लं तर रक्त नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त असून निगेटिव्ह. त्यासाठी आधी तीन दिवस पथ्य असतं. नवी ती एफआयटी. ती फक्त माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन नावाचं प्रथिन ओळखते. आदल्या रात्री तुम्ही सराफ्याच्या खाऊगल्लीत काय खाल्लं याच्याशी तिला देणंघेणं नाही, पथ्य काही नाही. शिवाय जठरातून आलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, त्यामुळे ती मुख्यतः मोठ्या आतड्याचंच सांगते. पैसे भरण्याआधी "ही एफआयटी आहे का?" एवढं विचाराच. ग्वायक असेल तर माझं मत, दुसरी लॅब शोधा.

एफआयटीचा एक शत्रू मात्र आपल्या गावात आहे, उन्हाळा. ग्लोबिन उष्णतेने नासतं. इटलीत फ्लॉरेन्सच्या तपासणी मोहिमेत उन्हाळ्यात पॉझिटिव्ह रिपोर्ट कमी येतात असं दिसलं होतं, आणि तिथला उन्हाळा आपल्या मेपुढे काहीच नाही. नमुना स्कूटरच्या डिक्कीत ठेवून बाजार करत फिरू नका. सकाळी घेतला की थेट लॅबमध्ये.

आता एफआयटी आणि दुर्बीण, दोघींची ताकद. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दहा हजार लोकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सगळ्यांची एफआयटीही केली होती आणि दुर्बीणही. दुर्बिणीत सापडलेल्या कर्करोगांपैकी जवळपास ७४ टक्के एफआयटीने एका खेपेत पकडले. पण कर्करोगाच्या आधीच्या पायरीवरचे मोठे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या गाठी? ते फक्त २४ टक्के. पॉलिप रोज रक्त गाळत नाही, आणि ज्या दिवशी गाळत नाही त्या दिवशी मळ काहीच सांगत नाही. म्हणून ही तपासणी एकदा करून विसरायची नाही. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तेवढ्यात दरवर्षीच्या तपासणीला तो गाठायच्या बऱ्याच संधी मिळतात. दुर्बीण पॉलिप दाखवते आणि त्याच बैठकीत काढूनही टाकते. हे मळतपासणीला जमत नाही.

मग सगळ्यांनीच दुर्बीण का नको? आतड्याला भोक पडण्याचा धोका दहा हजारांत साधारण तिघांना, मोठा रक्तस्राव त्याहून बऱ्याच जास्त जणांना. खर्च मळतपासणीच्या कितीतरी पट. आणि लोक टाळतात. स्पेनमध्ये ५७ हजारांवर लोकांना दोन गटांत वाटून एका गटाला एकदा दुर्बिणीसाठी आणि दुसऱ्याला दर दोन वर्षांनी एफआयटीसाठी बोलावलं होतं. २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षात दहा वर्षांतले कर्करोगाचे मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते, कारण मळतपासणीला जास्त लोक आले. कागदावर भारी असलेली तपासणी तुम्ही पाच वर्षं पुढे ढकलणार असाल तर तिचा उपयोग काय?

सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनने आतड्याची चित्रं काढणं, हेही कुणीतरी सुचवतं. तिलाही पोट साफ करावं लागतं, आणि काही दिसलं तर शेवटी दुर्बीणच. ज्यांना दुर्बीण घालता येत नाही त्यांच्यासाठी ती ठीक.

आता दादाचं पहिल्या वेळी काय चुकलं ते. रुग्णालयाने इंग्रजीत छापलेला एक कागद दिला. त्यावर "लो रेसिड्यू डाएट, तीन दिवस". समजावून कुणी सांगितलं नाही. दादाने विचारलं तर उत्तर मिळालं, "हलकं खा." आणि मराठी घरात हलकं म्हणजे काय? उपासाचं! वहिनीने मायेने साबुदाण्याची खिचडी केली, भरपूर दाण्याचं कूट घालून. राजगिऱ्याचा लाडू. दुपारी पेरू, रात्री काकडीची कोशिंबीर. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं ते मी स्वतः पाहिलं. आतड्याच्या घडीत पेरूच्या बिया आणि दाण्याचे कण चिकटून बसले होते. त्यांच्याखाली पॉलिप असेल नसेल, कोण सांगणार? अर्ध्यावरून परत.

इथे हलकं म्हणजे पचायला हलकं नव्हे, मागे चोथा न ठेवणारं. मऊ पांढरा भात, गाळलेलं वरण, दही, ताक, मैद्याचा ब्रेड, सालं काढून उकडलेला बटाटा. साबुदाणा चालतो, कूट नाही. आपले पोहे नुसते हळद-मिठाचे चालतात. त्यावरचे अनारदाणे, बडीशेप, कांदा, कोथिंबीर नाही. भुट्ट्याचा कीस, गराडू, तीळ, मेथी, टोमॅटो, सगळं बंद. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा. लाल-जांभळं सरबत नको, आत ते रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. साखरेची, रक्त पातळ करायची औषधं मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा.

पोट साफ करायची पावडर अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे घेतली की आतडं जास्त स्वच्छ होतं. दुसऱ्या वेळी दादाने तसंच केलं. चव खारट, बुळबुळीत. फ्रीजमध्ये गार करून, लिंबू चोखत चोखत घेतली. शेवटी नुसतं पिवळसर पाणी, भांड्याचा तळ दिसेल असं. तेव्हा समजायचं, झालं. त्या दिवशी १२ मिलिमीटरचा पॉलिप निघाला.

आणखी एक घोळ सगळ्यांच्या डोक्यात होतो. जे खाणं आतड्याला वर्षभर राखतं तेच त्या तीन दिवसांत वर्ज्य. अख्खं धान्य, ज्वारीची भाकरी, सालीसकट डाळी, भाज्या यांचं वजन एरवी आपल्या बाजूनेच पडतं. रोज ९० ग्रॅम अख्ख्या धान्यामागे धोका साधारण १७ टक्क्यांनी कमी दिसतो. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. पण "आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होतंय" हे ऐकलं की मला राग येतो. दादाने आयुष्यात अंडंही खाल्लेलं नाही.

तर तुम्ही कुठे बसता? वय ४५ च्या पुढे, तक्रार नाही, घरात कुणाला नाही: दरवर्षी एफआयटी करा, आणि पॉझिटिव्ह आली तर काकांसारखं "परत तपासू" म्हणू नका. पुढची निगेटिव्ह आली तरी पहिली खोडली जात नाही, दुर्बीण लागतेच. दरवर्षी लक्षात राहणार नाही हे स्वतःबद्दल माहीत असेल तर दुर्बीण. शौचातून रक्त जातं, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कारण नसताना कमी, किंवा शौचाची सवय आठवडेच्या आठवडे बदललेली असेल तर हा सगळा लेख सोडा आणि डॉक्टरांकडे जा. मूळव्याधीचं मलम लावत सहा महिने घालवलेले लोक मी पाहिलेत.

आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत कर्करोग किंवा मोठा पॉलिप निघाला असेल तर चाळिसाव्या वर्षीच दुर्बीण, किंवा त्यांच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे अगोदर येईल ते. दहा मिलिमीटर आणि त्यावरचा पॉलिप मोठा धरतात. दादाचा १२ चा होता आणि मी ४७ ची आहे. माझी तारीख पुढच्या गुरुवारची. सोमवारपासून भात, गाळलेलं वरण, दही. वहिनीने कूट न घालता खिचडी करून पाठवायचं कबूल केलंय.