एका तासाचे व्याख्यान: चेर्नोबिल घ्यावे की फुकुशिमा?

अणुऊर्जेच्या धोक्यांवर तासाभर बोलायचे ठरले, की सोव्हिएत युक्रेनमधले चेर्नोबिल आणि जपानमधले फुकुशिमा हे अणुभट्ट्यांचे दोन्ही अपघात सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. मी दोनदा तो प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चेर्नोबिल घाईत आटोपून फुकुशिमा अर्धवट सोडले. त्यामुळे निवड करावीच लागते. दोन्ही अपघात अणुअपघातांची तीव्रता मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर सातव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचे असल्याने तो निकष इथे उपयोगी पडत नाही.

कथनाच्या दृष्टीने चेर्नोबिल उजवे आहे. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या अणुभट्टीवर चाललेली चाचणी सुरक्षिततेसाठीच होती: बाहेरची वीज गेली तर थांबत आलेल्या टर्बाइनच्या उरलेल्या गतीवर भट्टी थंड ठेवणारे पाण्याचे पंप काही काळ चालतील का, हे पाहायचे होते. भट्टीची शक्ती नको इतकी घसरली, ती सावरण्यासाठी नियंत्रक कांड्या (अणुविभाजनाची साखळी प्रक्रिया रोखून धरणाऱ्या) प्रमाणाबाहेर वर ओढल्या गेल्या, आणि शेवटी भट्टी बंद करण्यासाठी जे बटण दाबले त्यानेच, कांड्यांच्या खाली जोडलेल्या, प्रक्रियेला उलट मदत करणाऱ्या ग्राफाइटमुळे, साखळी प्रक्रिया आणखी भडकली. ब्रेक दाबावा आणि गाडीने उसळी घ्यावी, असा हा प्रकार सांगितला की सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते. त्यापुढे प्रिप्यात गाव दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे केले गेले, आणि स्वीडनमधल्या अणुकेंद्रात किरणोत्सर्ग आढळल्यावरच जगाला सुगावा लागला. श्रोते भौतिकशास्त्राचे विद्यार्थी असतील तर मी आजही कदाचित हाच अपघात घेईन.

मला मात्र एका गोष्टीचा उबग आला. व्याख्यान संपले, की तिसऱ्या रांगेतले कोणीतरी ज्येष्ठ गृहस्थ छत्री सावरत उठतात आणि म्हणतात, “अहो, ते रशियन. वरून हुकूम आला की खाली माना डोलवायच्या. तुम्ही उगाच मुलांना घाबरवता.” गाव बदलते, गृहस्थ बदलतात, वाक्य बदलत नाही. त्यात तथ्य नाही असेही म्हणता येत नाही, आणि तीच अडचण आहे. कारण त्या भट्टीचा आराखडा आणि ती गुप्तता खरोखरच सोव्हिएत होती. पण त्या एका वाक्याने तासाभराचे सगळे बोलणे दूर देशीच्या गोष्टीत जमा होते.

फुकुशिमाला ही पळवाट नाही. जपानी माणसाला बेशिस्त म्हणायला सहसा कोणी धजावत नाही. शिवाय तिथल्या भट्ट्या आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या, अमेरिकी घराण्यातल्या होत्या. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या आणि बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनरेटरही सुरू झाले. घात केला तो पाऊण-एक तासाने आलेल्या सुनामीने. लाटेची उंची १४ ते १५ मीटर होती, आणि बरेचसे जनरेटर इमारतींच्या तळघरांत होते.

इथे एक गोष्ट समजावण्यात दहा मिनिटे जातात, पण ती दहा मिनिटे सत्कारणी लागतात. अणुभट्टी बंद केली तरी किरणोत्सारी पदार्थांमुळे उष्णता निर्माण होतच राहते. बंद झाल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. मी प्रेशर कुकरचे उदाहरण देतो: शेगडीची कळ पूर्ण फिरवली तरी बारीक ज्योत विझतच नाही, आणि आतले पाणी आटत चालले आहे. मग नियंत्रण कक्षातले कर्मचारी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणतात आणि पाण्याच्या पातळीचे काटे हलतात का ते पाहतात, हे सांगितले की पुढचे इंधनाचे वितळणे आणि हायड्रोजनचे स्फोट वेगळे समजवावे लागत नाहीत.

या निवडीतही उणे आहेच. तीव्र किरणोत्सर्गाने तिथे कोणी दगावले नाही, त्यामुळे “मग झाले तरी काय?” असा सूर निघतो. घाईघाईच्या स्थलांतरात दगावलेले वृद्ध रुग्ण आणि घरे सोडावी लागलेली दीड लाखाहून अधिक माणसे यांबद्दल सावकाश बोलावे लागते.

तरीही गेली काही वर्षे मी फुकुशिमाच सांगतो आहे. मागच्या खेपेला व्याख्यानानंतर एका मुलीने हात वर केला आणि तिची आजी दाखल होती त्या नदीकाठच्या रुग्णालयातला जनरेटर कोणत्या मजल्यावर असेल, असे विचारले. त्या दिवशी छत्रीवाले गृहस्थ माझ्याआधी म्हणाले, “खालीच आहे. मी पाहिलाय.”