समुद्रतळाचा नकाशा: आधी माणसं की आधी यंत्रं?

पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणाऱ्या समाजासोबत माशांच्या अधिवासांचा आणि तळाचा नकाशा करायचा विचार असेल, तर यंत्राची किंमत नंतर विचारा. आधी विचारा, हा तळ किती खोल आहे आणि तो आजवर कोणी पाहिलाय. तीन ठिकाणच्या कामांत मोठा फरक पडला तो इथेच.

प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांमधल्या रोवियाना लगूनमध्ये (बेटांनी अडवलेल्या उथळ समुद्रात) शंकर अस्वानी आणि मॅथ्यू लॉअर या अभ्यासकांनी गावकऱ्यांपुढे हवाई छायाचित्रं ठेवली. समुद्री गवत कुठे, वाळू कुठे, प्रवाळ कुठे, हे गावकऱ्यांनी त्यांवर दाखवलं. मग पाण्यात उतरून पडताळणी केली, तेव्हा ते बऱ्याच अंशी जुळलं. एप्रिल २००७च्या भूकंप-त्सुनामीनंतर तळात झालेले बदल टिपतानाही गावकऱ्यांची निरीक्षणं तपासली गेली. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तिथल्याच बाराउलू गावचं काम. तिथे बायका शिंपल्या गोळा करतात. काही जागा ठरावीक काळ बंद ठेवून त्याचा परिणाम मोजण्यातही त्या सहभागी होत्या. फक्त पुरुष नाखव्यांना बसवून नकाशा केला, तर हा अख्खा पट्टा निसटतो. खर्च कमी, पण पद्धत चालते ती उथळ, नितळ पाण्यात.

ऑस्ट्रेलियाच्या किंबर्लीत भरती-ओहोटीला पाणी दहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं, शिवाय मगरी. पाणबुडे उतरवणं धोक्याचं. अशा ठिकाणी आमिष लावलेले कॅमेरे तळाशी सोडतात. तिथल्या बार्डी जावी या आदिवासी समाजाच्या रेंजर्सनी, म्हणजे किनारा-समुद्राच्या राखणदारांनी, ऑस्ट्रेलियन सागरी विज्ञान संस्थेसोबत माशांच्या देखरेखीचं काम केलं आहे. रेंजर्स एकदा शिकले की दरवर्षी तेच मोजमाप करू शकतात, हा मोठा फायदा. मात्र आमिषाला शिकारी मासे जास्त येतात, आणि गढूळ पाण्यात कॅमेरा निरुपयोगी. कोकणात पावसाळ्यानंतरचे आठवडे आठवा.

कॅनडातलं स्गान किंगलास हे हैदा ग्वाई बेटांच्या पश्चिमेला सुमारे १८० किमीवर बुडालेलं पर्वतशिखर. पायथा ३,००० मीटर खोल, माथा पाण्याखाली जेमतेम २४ मीटर. असा पायथा मच्छीमाराला दिसणार कुठून? २०१८च्या मोहिमेत हैदा राष्ट्र (त्या बेटांवरचा आदिवासी समाज), कॅनडाचा मत्स्य विभाग आणि इतर संस्था एकत्र होत्या. जहाजावरचं सोनार (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) आणि दूरनियंत्रित पाणबुडी वापरली. त्याच वर्षी तिथे तळाला लागणारी मासेमारी बंद झाली. जहाज महाग आणि सारखं मिळत नाही. पण हैदांनी ही जागा मोहिमेच्या कितीतरी आधी, १९९७ मध्येच संरक्षित जाहीर केली होती.

माझा कौल असा: दहा-बारा वाव (सुमारे वीस मीटर) पाण्यापर्यंत रोवियानाची वाट धरा, कॅमेरा फक्त पडताळणीला. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळांना हेच लागू पडेल. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या प्रवाळ-पठाराला सोनारशिवाय भागणार नाही. तिथे मच्छीमारांना विचारायचं ते मासा कुठे, कोणत्या महिन्यात लागतो.

आणि कामाला हात लावण्याआधी एक करार लेखी करा: माशांच्या विणीच्या जागा नकाशावर उघड दाखवायच्या की नाही, हे तो समाज ठरवेल. अशी जागा एकदा जाहीर झाली की बाहेरचे ट्रॉलर तिथे पोचायला वेळ लागत नाही.