जिओकॅशिंगसाठी कागदी नकाशा: क्यूजीआयएस कितपत कामाचं?

जिओकॅशिंग म्हणजे लोकांनी लपवलेले डबे, म्हणजे ‘कॅश’, जीपीएसने शोधण्याचा खेळ. त्याच्या अ‍ॅपमधला नकाशा शेवटच्या पन्नास मीटरला पुरेसा असतो. पण कुठल्या सोंडेने चढायचं, कुठल्या बाजूने उतरायचं आणि वाटेत कोणते कॅश घ्यायचे, हा दिवसभराचा बेत सहा इंची पडद्यावर आखता येत नाही. त्यासाठी समोर पसरता येईल असा कागद लागतो. क्यूजीआयएस हे मोफत आणि मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि असा नकाशा घरबसल्या तयार करून देतं. मापप्रमाण आणि जाळी (अक्षांश-रेखांशाच्या रेषा) मनासारखी हवी असेल तर याला तोड नाही. फक्त पहिली संध्याकाळ शिकण्यात जाते, आणि काही सेटिंग जशीच्या तशी ठेवली तर छापील नकाशा वाया जातो.

आधी मापप्रमाण. सह्याद्रीत १:२५,००० च घ्यावं. जिओकॅशिंगच्या नियमानुसार दोन कॅशच्या डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. १:२५,००० वर ते ६.४ मिलिमीटर भरतं, म्हणजे तीन मिलिमीटरचं चिन्ह आणि शेजारी कॅशचा कोड आरामात बसतो. १:५०,००० वर तेच अंतर ३.२ मिलिमीटर होतं आणि चिन्हं एकमेकांना चिकटतात. ए३ कागदावर समास सोडून ३९० बाय २७० मिलिमीटरची चौकट मिळते, म्हणजे जमिनीवर ९.७५ बाय ६.७५ किलोमीटर. आडव्या ए३ वर राजगड, तोरणा आणि मधली धार एकाच पानात मावते. ए४ वर हे जमत नाही.

प्रोजेक्टची संदर्भप्रणाली (जमिनीवरची जागा आकड्यांत मांडायची पद्धत) यूटीएम विभाग ४३ उत्तर ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ती शोधायचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. गोवा, कोकण, पुणे, नाशिक, मराठवाडा हे जवळजवळ सगळं त्यात येतं. ७८ अंश पूर्व रेखांशापलीकडे, म्हणजे नागपूरकडे, ३२६४४ लागतो.

कॅशची यादी जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावरच्या ‘पॉकेट क्वेरी’ या सोयीने मिळते. त्यासाठी प्रीमियम सदस्यत्व लागतं आणि एका क्वेरीत जास्तीत जास्त १,००० कॅश येतात. झिप उघडली की दोन जीपीएक्स फायली (ठिकाणांच्या नोंदींच्या) दिसतात. बरेच जण मोठी फाइल घेतात आणि नावाच्या शेवटी ‘डब्ल्यूपीटीएस’ असलेली दुसरी सोडून देतात. गाडी लावायची जागा आणि वाटेची सुरुवात नेमकी त्या दुसरीत असते. दोन्ही फायली क्यूजीआयएसच्या खिडकीत ओढून टाका आणि विचारलं की फक्त ‘वेपॉइंट्स’ निवडा. ‘नेम’ स्तंभात जीसी कोड, म्हणजे प्रत्येक कॅशचा स्वतंत्र कोड, येतो. ‘डेस्क’ स्तंभात कॅशचं नाव, लपवणाऱ्याचं नाव, प्रकार आणि कंसात कठीणपणा व भूभागाचे आकडे येतात. नकाशावर फक्त कोड छापा आणि बाकीचा मजकूर मागच्या बाजूला यादी करून घ्या. सगळं लेबलमध्ये कोंबलं की वाटाच झाकल्या जातात.

आता जाळी, कारण हा नकाशा खरा उपयोगी पडतो तो तिच्यामुळे. कॅशचे अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत दिलेले असतात, म्हणून जाळीही मिनिटांचीच हवी. किलोमीटरची जाळी इथे कामाची नाही. प्रिंट लेआउटमध्ये नकाशा निवडून ‘ग्रिड्स’मध्ये नवी जाळी जोडा, तिची संदर्भप्रणाली ४३२६ (साधे अक्षांश-रेखांश) करा आणि अंतर ०.०१६६६६६७ भरा. इथे आळस करून ०.०१६७ लिहिलं की घोटाळा होतो. क्यूजीआयएस जाळीच्या रेषा शून्य अंशापासून मोजत येतं. ७३ अंशांपर्यंत पोहोचेस्तोवर ती बारीकशी चूक चार हजारांहून जास्त वेळा साठते आणि रेषा पूर्ण मिनिटावर न पडता भलतीकडेच पडतात. आकडे जागेवर छापलेले असल्याने चूक पटकन लक्षातही येत नाही. १:२५,००० वर एक मिनिट उत्तर-दक्षिण साधारण ७.४ सेंटिमीटर आणि पूर्व-पश्चिम ७ सेंटिमीटर येतं. ही घरं मोठी वाटली तर अर्ध्या मिनिटाची दुसरी, फिकट राखाडी जाळी घाला. आकड्यांसाठी ‘डिग्री, मिनिट विथ सफिक्स’ हा पर्याय निवडा.

पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाच्या तयार टाइल (चौकोनी चित्र-तुकडे) टाकायचा मोह होतो, कारण त्या ब्राउझर पॅनलमध्ये आयत्या दिसतात. पडद्यावर छान दिसतात, पण ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पीडीएफ काढली की गावांची नावं मुंगीएवढी होतात. त्या टाइल ९६ डीपीआयच्या पडद्यासाठी बनवलेल्या असतात. त्यातलं बारा पिक्सेलचं अक्षर ३०० डीपीआयला एक मिलिमीटर उंच उरतं. थराच्या गुणधर्मांत ‘टाइल रिझोल्यूशन’ला ‘स्टँडर्ड’ केलं तर अक्षरं वाचता येतात, पण धूसर होतात. शिवाय त्या सर्व्हरवरून घाऊक टाइल उतरवणं नियमात बसत नाही. त्यापेक्षा क्विकओएसएम या जोड-सॉफ्टवेअरने (प्लगइनने) ओपनस्ट्रीटमॅपमधल्या रेषा आणि बिंदू थेट मागवा: पाऊलवाटा, गाडीरस्ते, ओढे, कडे, वस्त्या, विहिरी. (पाऊलवाटाही ‘हायवे’ याच किल्लीखाली, म्हणजे नोंदीच्या प्रकाराखाली, सापडतात.) मोठा प्रदेश हवा असेल तर जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताचा ‘वेस्टर्न झोन’ उतरवा. क्विकओएसएममधून ज्या गावांना मराठी नाव नोंदलेलं आहे ते वेगळ्या स्तंभात येतं. लेबल तिथून घ्या आणि नसेल तिथे मूळ नाव वापरा. पीडीएफ काढताना मजकूर ‘पाथ’ म्हणूनच पाठवा, मग दुकानातल्या संगणकावर फाँट नसला तरी जोडाक्षरं मोडत नाहीत.

समोच्च रेषांसाठी एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या मोजणीची उंची मोफत मिळते, साधारण ३० मीटरच्या चौकोनांत. ती आधी ३२६४३ मध्ये ‘क्यूबिक’ पद्धतीने रूपांतरित करा आणि मग ‘कंटूर’ चालवा. तसं न करता काढलेल्या रेषा करवतीच्या दात्यांसारख्या येतात. अंतर २० मीटर पुरे. दहाचं केलं तर गडांच्या उतारावर नुसता तपकिरी डाग होतो. इथे एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. ३० मीटरच्या चौकोनात उभा कडा मावत नाही, तो नकाशावर नुसता तीव्र उतार दिसतो. म्हणून नकाशावर रेषा जरा विरळ दिसल्या म्हणजे तिथून उतरता येईल असा अर्थ काढू नका. कड्यांचा थर वेगळ्या काळ्या रंगात छापा, आणि जिथे तो नोंदलेलाच नाही तिथे गावात विचारा. तेच वाटांचं: कुणीतरी चालून नोंदवलेल्या वाटाच त्यात असतात, ढोरवाटा आणि सरपणाच्या वाटा बहुधा नसतात.

एका पानात न मावणाऱ्या भागासाठी ‘अ‍ॅटलस’ (एकाच आराखड्यातून अनेक पानं काढायची सोय) आहे. ‘क्रिएट ग्रिड’ने ९,७५० बाय ६,७५० मीटरचे आयत पाडा, दोन्ही बाजूंना ५०० मीटर एकमेकांवर येऊ द्या, आणि लेआउटमध्ये ‘फिक्स्ड स्केल’ ठेवा. सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये येतात. ही सोय सॉफ्टवेअरमधली सगळ्यात चांगली आहे आणि सगळ्यात कमी वापरली जाते.

एवढा खटाटोप नको असेल तर मॅपऑस्मॅटिक ही वेबसेवा बघा. जीपीएक्स चढवा, शैली आणि कागद निवडा, रांगेत थांबा, पीडीएफ घ्या. पण तिथे मापप्रमाण गोल आकड्यात येईलच असं नाही आणि लेबलांवर तुमचा ताबा राहत नाही. बागेतल्या चार-पाच कॅशसाठी तेवढं बास. गडावरच्या पूर्ण दिवसासाठी मात्र क्यूजीआयएसच. कुठलाही मार्ग घेतला तरी कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश छापावा लागतो.

छपाई लेझरवरच करा. इंकजेटची शाई पहिल्या सरीत पसरते. पावसाळ्यासाठी नॉन-टेअरेबल शीट मागा. लॅमिनेशन घडी घालायला त्रासाचं आणि त्यावर पेन्सिल चालत नाही. दुकानदार सवयीने ‘फिट टू पेज’ ठेवतो आणि नकाशा तीन-चार टक्के आक्रसतो. त्याला ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ करायला सांगा. मापपट्टी नकाशाबरोबरच आक्रसत असल्याने ती खरीच राहते, पण १:२५,००० हा आकडा खोटा पडतो आणि कंपासपट्टीने मोजलेलं प्रत्येक अंतर चुकतं. पैसे देण्याआधी काउंटरवरच पट्टी लावा: एक किलोमीटरची मापपट्टी बरोबर चार सेंटिमीटर भरली पाहिजे. ३.८ किंवा ३.९ भरली तर पान परत करा.