फेबर-कास्टेल ९०००: 'डिझाइन' लिहिलेला डबा डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी का घेऊ नये

फेबर-कास्टेल ९००० या हिरव्या पेन्सिलींचे बारा-बाराचे दोन डबे मिळतात. एकावर 'आर्ट', दुसऱ्यावर 'डिझाइन'. ग्राफिक डिझाइन शिकायचंय म्हणजे डिझाइनचाच डबा, असा हिशेब कुणीही करेल, आणि तिथेच चुकेल. त्या डब्यात ५बी ते ५एच असतात (बी म्हणजे मऊ आणि गडद, एच म्हणजे कडक आणि फिकी; आकडा जितका मोठा, तितका तो गुण जास्त), म्हणजे बारापैकी पाच पेन्सिली एच गटातल्या. कडक शिशाची बारीक, फिकी रेघ तांत्रिक आरेखनाला हवी असते. वस्तूचं प्रमाण, घनाकार आणि छायाप्रकाश कागदावर आणायला शिकताना ३एच, ४एच, ५एच नुसत्या पडून राहतात आणि ज्या गडद पेन्सिली लागतात त्या डब्यात नसतातच. 'आर्ट'मध्ये ८बी ते २एच आहेत. डबाच घ्यायचा तर तो.

पेन्सिल म्हणून तक्रारीला जागा फारशी नाही. १९०५ पासून ही बाजारात आहे, ८बी ते ६एच अशा सोळा प्रतींत मिळते. शिसं लाकडाला पूर्ण लांबीभर चिकटवलेलं असल्यामुळे हातातून पडली तरी आतल्या आत सहसा तुटत नाही. टोक करताना शिशाचे तुकडे गळायला लागले, तर पेन्सिलीला दोष देण्याआधी शार्पनरचं पातं बदलून बघा. बोथट पातं शिसं कापत नाही, पिळतं. ६बी आणि पुढच्या पेन्सिलींना तर शार्पनर लावूच नये. कटरने लाकूड ताशून दीडेक सेंटिमीटर शिसं उघडं करायचं आणि पॉलिश पेपरवर घासून निमुळतं करायचं. असं लांब टोक आडवं धरलं की रुंद, सलग पट्टा उमटतो. आखूड टोकाने शेडिंग केलं की नुसत्या रेघोट्या दिसतात.

पेन्सिलींची खरी परीक्षा छटापट्टीत, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायरीपायरीने गडद होत जाणाऱ्या पट्टीत होते. दोन सेंटिमीटरचे नऊ चौकोन आखा. पहिला कोरा ठेवा, नववा ८बीने जमेल तेवढा काळा करा. मग थेट पाचवा, दोन्ही टोकांच्या बरोबर मधला. त्यानंतर तिसरा आणि सातवा, उरलेले शेवटी. डावीकडून ओळीने भरत गेलात तर सहाव्या चौकोनापर्यंतच काळोख होतो आणि पुढच्या तिघांना काही उरत नाही. डोळे किलकिले करून बघा. दोन शेजारी चौकोन एकजीव वाटले तर तिथे पायरी चुकली.

याच पट्टीवर नेहमी होणारी दुसरी चूक म्हणजे २एच दाबून गडद करायचा प्रयत्न. कडक शिशात मातीचं प्रमाण जास्त असतं, ते एका मर्यादेपलीकडे काळं होतच नाही. कागद मात्र दबतो, गुळगुळीत होतो, आणि त्यावर नंतर ४बी फिरवली तरी ती बसत नाही, घसरते. गडद हवं असेल तर जोर वाढवू नका, पेन्सिल बदला.

पट्टी पूर्ण झाली की आणखी एक गोष्ट लक्षात येते: सरावाच्या कागदावर ३बी आणि ४बी, किंवा ७बी आणि ८बी यांत फरक शोधावा लागतो. म्हणून आमचं मत असं, की पहिल्या वर्षाला २एच, एचबी, २बी आणि ६बी एवढ्या चार सुट्या पेन्सिली पुरतात. डबा ही हौस आहे. (देखणी हौस, हे मान्य.)

रेषेच्या सरावाला यातली २बी उत्तम, कारण न दाबता उमटते. ए३ कागदावर २५ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्या, हात हवेतच दोन-तीनदा फिरवा आणि मग एका दमात रेघ ओढा. रेघेचं शेवटचं टोक वळत असेल तर हात मनगटातून फिरतोय. तो खांद्यातून फिरायला हवा. लंबवर्तुळांचंही तेच. डब्याचं किंवा पेल्याचं तोंड काढताना त्याच्या दोन्ही कडा लिंबासारख्या टोकदार होतात, त्या गोलच वळायला हव्यात. आणि लंबवर्तुळाचा आखूड अक्ष वस्तूच्या मधल्या अक्षावरच पडला पाहिजे, नाहीतर पेला मुरगळल्यासारखा दिसतो.

अक्षरांच्या सरावात ६बी कामी येते. मोठा 'क' घ्या, पण अक्षर काढू नका. त्याच्या आतल्या आणि भोवतालच्या पांढऱ्या जागा काढा आणि त्या काळ्या भरा. जमलं की कागद उलटा धरून तपासा. पुढे अक्षरांमधलं अंतर ठरवताना हीच नजर लागते.

आता या पेन्सिलींचा खरा दोष. ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, चमकतं, आणि ८बीचे थर चढवले की फारच. समोरून उजेड टाकून फोटो काढला तर सगळ्यात काळा भाग करडा, कधी चक्क पांढुरका येतो. पोर्टफोलिओसाठी ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) स्कॅन करा, किंवा दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश द्या. अगदी काळं, बिनचमकीचं हवं असेल तर कार्बनयुक्त पेन्सिल घ्यावी; स्टेडलरची मार्स ल्युमोग्राफ ब्लॅक त्यातलीच. फक्त ती कोऱ्या कागदावर आधी वापरायची. ग्राफाइटच्या तुळतुळीत थरावर कार्बन नीट धरत नाही.

डब्यात पेन्सिलींखेरीज काही नाही. मळता येणारं मऊ खोडरबर आणि १२० ते १५० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) किंचित खरखरीत कागद वेगळा घ्या. झेरॉक्सचा कागद थंबनेलपुरता, म्हणजे कल्पनेच्या छोट्या कच्च्या चित्रांपुरता ठीक.

'डिझाइन'चा डबा आधीच घेऊन बसला असाल तर ६बी सुटी आणा, बाकी तिन्ही त्यात आहेतच. ४एच पर्स्पेक्टिव्हच्या आखणीला चालेल, पण अगदी हलक्या हाताने. दाबून आखलेली रेघ खोडली तरी कागदात चर राहतो, आणि वरून ६बी फिरवली की तो पांढरा उठून दिसतो.