मनाली ते लेह : भाड्याच्या गाडीचा अनुभव
जुलैमध्ये आम्ही चौघांनी मनालीतून भाड्याने घेतलेल्या गाडीने लेह गाठले. हा अभिप्राय मुख्यतः आमच्या चालकदादांसाठी आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी असलेल्या तांडीच्या पंपावर त्यांनी टाकी काठोकाठ भरलीच, शिवाय डिझेलचा जादा कॅनही दोरीने घट्ट बांधून घेतला. मुक्काम सरचूला करावा, असा आमचा आग्रह होता; परंतु सुमारे ४,३०० मीटर उंचीवर पहिलीच रात्र काढणे अंगाशी येऊ शकते, हे शांतपणे समजावून त्यांनी आम्हाला हजारभर मीटर खाली असलेल्या जिस्पाला थांबवले, आणि सकाळी गाटा लूप्सची २१ वळणे चढताना त्याचे मोल कळले.

तक्रार आहे ती गाडी देणाऱ्यांबद्दल. तंगलंग ला या ५,३०० मीटरच्या खिंडीत वहिनींना धाप लागली, ओठ निळसर पडले, तेव्हा ज्याचे वेगळे पैसे घेतले होते त्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा शून्यावर होता. दादांनी क्षणभरही न थांबता गाडी रुमत्सेपर्यंत खाली उतरवली, म्हणूनच निभावले. चालक उत्तम असला, तरी सिलिंडरचा काटा निघण्यापूर्वी स्वतः पाहावा.